नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेत स्वतः गाडी चालवत हिंडायची इच्छा असेल, तर सुरुवात नामिबियापासून करावी असं माझं ठाम मत आहे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, पाट्या इंग्रजीत आणि रस्ते मोकळे. पण या मोकळेपणानेच माणूस बेसावध होतो. तिथे पर्यटकांच्या गाड्या उलटतात तेव्हा बहुतेकदा समोर दुसरी गाडी नसतेच. त्यामुळे पुढची बरीचशी उत्तरं शेवटी वेगावर आणि अंतरावर येऊन थांबतील. ती पुनरुक्ती मी मुद्दाम ठेवली आहे.

किती दिवस लागतील?

किमान १२ रात्री, जमलं तर १४. नामिबियाचं क्षेत्रफळ सुमारे ८ लाख २४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त. २०२३ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम ३० लाख. २०११ साली एकट्या पुणे शहरात याहून थोडे जास्त लोक राहत होते. यावरून दोन गावांमध्ये किती पोकळी असेल याचा अंदाज करा.

बहुतेक जण पहिला आराखडा करतात तेव्हा त्यात दक्षिणेचा फिश रिव्हर कॅन्यन, ल्यूडरित्झजवळचं वाळूत बुडालेलं ओसाड गाव कोलमन्सकोप, सोसुसफ्लेच्या तांबड्या वाळूच्या टेकड्या, समुद्रकिनारा, एटोशा राष्ट्रीय उद्यान आणि वर अंगोलाच्या सीमेवरचा एपूपा धबधबा असं सगळं असतं. दोन आठवड्यांत हे करता येतं, पण मग तुम्ही फक्त गाडी चालवता. दक्षिण टोक आणि एपूपा पुढच्या खेपेला ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा फेरा सुचवतो: राजधानी विंडहुकला एक रात्र, सोसुसफ्लेच्या फाटकाशी असलेल्या सेस्रीमला तीन, किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडला दोन, ट्वायफेलफॉन्टेनच्या परिसरात दोन, एटोशात चार, परतीच्या वाटेवर ओट्जीवारोंगोजवळ एक आणि शेवटी पुन्हा विंडहुकला एक. फाटे धरून साधारण २,००० ते २,५०० किलोमीटर होतात. एका मुक्कामाहून दुसरीकडे जायचा टप्पा ३५० किलोमीटरच्या आतच ठेवा. एटोशाहून परतताना डांबरी रस्ता मिळतो, तेवढ्यापुरती ही मर्यादा सैल केली तरी चालेल.

नकाशावरचं ॲप ३५० किलोमीटरला चार तास दाखवतं. ते खरं असतं का?

खडीच्या रस्त्यावर नसतं. ॲप जी वेळ सांगेल त्यात किमान तिसरा हिस्सा मिळवा आणि वर थांबण्यासाठी एक तास धरा. सेस्रीम ते स्वाकोपमुंड हे साधारण ३५० किलोमीटर म्हणजे सकाळी न्याहारी करून निघून दुपार कलताना पोहोचण्याचं अंतर आहे. वाटेत सॉलिटेअरला इंधन आणि ॲपल पाय, मकरवृत्ताची पाटी, मग गाउब आणि कुइसेबचे घाट. यातलं काही गाळावंसं वाटणार नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. त्यातही जुलैपासून रानातलं पाणी आटत जातं, प्राणी पाणवठ्यांवर गोळा होतात आणि एटोशा पाहायला सर्वांत चांगले दिवस सुरू होतात. मात्र गर्दी आणि दर दोन्ही तेव्हाच चढतात.

मुलांच्या शाळा पाहून सुट्टी काढणाऱ्यांसाठी आपला मे महिना फार सोयीचा आहे. पाऊस संपलेला असतो, उन्हाची धग गेलेली असते आणि गवतावर अजून पिवळी चमक असते. झाडी दाट असल्याने प्राणी शोधावे लागतात, पण चार रात्री हाताशी असतील तर मी मे महिनाच निवडेन. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर पाणवठ्यांवर प्राण्यांची रीघ दिसेल, पण एटोशात दुपारचं ऊन भाजून काढतं. आई-वडील बरोबर असतील तर दोनदा विचार करा. जानेवारी ते मार्चमध्ये कोरड्या नद्यांना अचानक पूर येतात आणि रस्ते तुटतात.

जून ते ऑगस्टमध्ये वाळवंटातली रात्र शून्याच्या आसपास जाते. 'आफ्रिका म्हणजे उकाडा' असं समजून फक्त सुती कपडे घेऊन गेलेल्यांचे तंबूत हाल होतात. कानटोपी, स्वेटर आणि जाड मोजे बॅगेत हवेतच.

व्हिसा, विमान आणि लस?

व्हिसाचे नियम एप्रिल २०२५ मध्ये बदलले, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. नामिबियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर किंवा नवी दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडे चौकशी करूनच तिकीट काढा.

भारतातून थेट विमान नाही. मुंबईहून अदिस अबाबामार्गे किंवा जोहान्सबर्गमार्गे जातात. जोहान्सबर्गमार्गे जाताना दोन वेगवेगळी तिकिटं काढून पैसे वाचवायचा मोह होतो. तसं केलं आणि सामान बाहेर येऊन पुन्हा द्यावं लागलं, तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या.

अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणाऱ्यांनी यलो फीवरची लस घेऊन ठेवावी. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. मलेरियाचा धोका उत्तरेत, म्हणजे एटोशा आणि त्याच्या पलीकडे, पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता जास्त असतो. गोळ्यांबाबत डॉक्टरांशी बोला.

आपला वाहन परवाना चालतो का?

मूळ परवाना आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना असे दोन्ही जवळ ठेवा. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. जे जे गाडी चालवणार त्या सगळ्यांची नावं भाडेकरारात लिहून घ्या. करारात नाव नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला, तर विमा हात वर करतो. निदान दोघांनी चालवायची तयारी ठेवा, थकवा हा इथला मोठा शत्रू आहे.

फोर बाय फोर लागतेच का?

वर सांगितलेल्या फेऱ्यातला बराच भाग कोरड्या हंगामात साधी उंच गाडीही पार करेल. तरी मी फोर बाय फोरच घ्या म्हणेन. खडीवर तिची पकड चांगली असते, टायर दणकट असतात आणि ताकद असते. बहुतेक लोक डबल कॅब टोयोटा हायलक्स घेतात. टपावर उघडणारे तंबू, आत फ्रिज, गॅसची शेगडी, भांडी, खुर्च्या असं सगळं सामान लावलेलीही मिळते. मात्र तंबू लावलेल्या गाडीचं वजन टपाकडे सरकतं आणि ती वळणावर लवकर कलते, हे चालवताना विसरू नका.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. दोन स्टेपनी मागून घ्या. जॅक, पाना आणि हवा भरायचा पंप डोळ्यांनी पाहा. फोर व्हील कशी लावायची ते स्वतः लावून बघा. तिथल्या माणसाला सांगा की चाक बदलून दाखवा, आणि मग एकदा तुम्ही बदला. यात तास दीड तास जाईल, पण त्या तासाची किंमत पुढे कळते.

खडीच्या रस्त्यावर गाडी कशी चालवायची?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

रस्त्यांची वर्गवारी आधी समजून घ्या. 'बी' म्हणजे मुख्य रस्ते, बहुतेक डांबरी. 'सी' म्हणजे बहुतांशी खडीचे, पण रुंद आणि अधूनमधून ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरवलेले. 'डी' म्हणजे अरुंद, कधी ठीक, कधी दगडधोंड्यांचे. डांबरीवर वेगमर्यादा १२० आहे. खडीवर कायदा त्याहून थोडीच कमी मर्यादा घालतो, पण भाड्याच्या गाड्यांच्या करारात बहुधा ८० लिहिलेलं असतं आणि बऱ्याच गाड्यांत वेग नोंदवणारं यंत्र असतं. ८० ही वरची सीमा माना. वळण, चढाचा माथा, कोरडी नदी किंवा गुरं अडवायची लोखंडी जाळी आली की ५० च्या खाली या.

खडी फसवते कशी, ते सांगतो. सरळ रस्त्यावर ९०-१०० ने गाडी छान तरंगत जाते. आडव्या लाटांचा खडखडाटही त्या वेगाला कमी जाणवतो, म्हणून माणूस वेग वाढवत नेतो. पण त्या वेळी टायर जमिनीला पुरते टेकलेलेच नसतात. मग बारीकसं वळण येतं किंवा वाऱ्याने जमलेली वाळू लागते, मागचं चाक सरकतं, चालक दचकून ब्रेक दाबतो, स्टिअरिंग झटक्यात फिरवतो आणि गाडी उलटते. म्हणून मागचं घसरलं तर ब्रेकवरून पाय काढा, ॲक्सिलरेटर हळूच सोडा, जायचंय त्या दिशेला हलक्या हाताने चाकं ठेवा. प्राणी आडवा आला तर सरळ रेषेत ब्रेक लावा. त्याला चुकवायला गाडी रस्त्याबाहेर घालू नका, त्याने तुमचा जीव जास्त धोक्यात येतो.

टायरमधली हवा हा दुसरा भाग. आपण पीएसआयमध्ये बोलतो, तिथे बारमध्ये बोलतात. खडीवर साधारण १.८ ते २ बार, म्हणजे २६ ते २९ पीएसआय ठेवतात. मऊ वाळूत १.२ बारपर्यंत, म्हणजे १७-१८ पीएसआयवर उतरवतात. नेमका आकडा गाडी आणि वजन पाहून भाड्याने देणाऱ्याकडून लिहून घ्या. वाळूतून बाहेर आलात की लगेच पुन्हा भरा. कमी हवेवर पळवलेला टायर तापून फाटतो.

दिवे दिवसाही चालू ठेवा. समोरून गाडी येताना वेग कमी करून डावीकडे सरका, म्हणजे उडालेल्या खड्याने काच तडकणार नाही. पुढच्या गाडीच्या धुळीत शिरून ओव्हरटेक करायचा विचारच नको. थांबा, पाणी प्या, धूळ बसू द्या.

किनाऱ्यालगतचे रस्ते मिठाच्या थराचे असतात. कोरडे असताना डांबरीसारखे वाटतात आणि धुक्याने ओलावले की निसरडे होतात.

रात्री थोडं अंतर चालवलं तर?

नको. सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्कामावर पोहोचा. अंधारात कुडू हा घोड्याएवढा हरणवर्गीय प्राणी दिव्यांकडे झेपावतो, रानडुकरं कडेच्या गवतातून निघतात. शिवाय शहराबाहेर रात्री चालवल्यास बहुतेक विमे लागूच होत नाहीत.

पंक्चर झालं तर?

होईल असं धरूनच चाला. सपाट आणि कडक जागा मिळेपर्यंत अगदी हळू पुढे न्या, वाळूत जॅक रुततो. जॅकखाली लाकडाची फळी ठेवा. नट थोडे सैल करूनच गाडी उचला. पुढच्या गावात पहिलं काम म्हणजे पंक्चर काढून घेणं. एकच स्टेपनी उरलेली असताना पुढच्या निर्जन टप्प्याला निघू नका. वाटेत कोणी थांबलेलं दिसलं तर तुम्हीही थांबून विचारा. तिथे सगळे तसंच करतात.

इंधन आणि पाणी?

टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की भरा. सॉलिटेअरनंतर वॉल्व्हिस बे येईपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर पंप नाही. सेस्रीम, स्वाकोपमुंड, उइस, खोरिक्सास, कामांजाब, आउट्यो ही भरायची ठिकाणं वहीत लिहून ठेवा. एटोशातल्या मुक्कामाच्या मोठ्या तळांवरही (कॅम्पांवरही) पंप आहेत, पण एखाद्याचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून भरलेल्या टाकीनेच आत जा. पंपावर माणूस भरून देतो, काच पुसतो, त्याला थोडे सुटे पैसे देण्याची रीत आहे. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी रोख ठेवा.

पाणी माणशी रोजचे पाच लिटर, आणि त्याशिवाय २० लिटरचा एक कॅन गाडीत कायम भरलेला.

विम्यात काय पाहायचं?

टायर आणि काच वेगळी धरलेली असते का, एकट्या गाडीचा अपघात म्हणजे दुसरं वाहन नसताना उलटणं धरलंय का, आणि वाळू किंवा पाण्याने झालेलं नुकसान. शेवटचं सहसा कोणीच देत नाही. स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम शून्यावर आणणारा पर्याय महाग असतो, पण इथे तो घ्यावा.

सोसुसफ्लेला पहाटे पोहोचायचं कसं?

इथली सगळी गंमत फाटकाच्या वेळेत आहे. सेस्रीमला दोन फाटकं आहेत. बाहेरचं सूर्योदयाला उघडतं. आतल्या तळावर किंवा उद्यानातल्या लॉजवर मुक्काम असेल, तर आतलं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. तिथून टेकड्यांपर्यंत ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे, म्हणजे बाहेर राहिलेल्यांचा कोवळा उजेड वाटेतच संपतो. म्हणून आतली जागा मिळेल त्याच तारखांभोवती बाकीचा प्रवास बसवा.

फाटकापासून ४५ व्या किलोमीटरवर 'ड्यून ४५' लागते. डांबर संपतं तिथून शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळू आहे. फोर बाय फोर असली तरी वाळूचा सराव नसेल तर गाडी तिथेच ठेवून उद्यानाच्या शटलने जा. पुढे चालत डेडफ्ले: पांढऱ्या मातीच्या तळावर शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली बाभळीच्या कुळातली झाडं आणि भोवती तांबड्या वाळूचे डोंगर. त्साउखाब नदीची वाट वाळूने अडवली, पाणी तुटलं, झाडं मेली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीही नाहीत. त्यांना हात लावू नका, फांदीवर बसून फोटो तर नकोच. शेजारची 'बिग डॅडी' टेकडी सव्वातीनशे मीटरच्या घरात आहे. चढायचीच असेल तर उन्हं तापायच्या आत आणि माणशी दोन लिटर पाणी घेऊन.

किनाऱ्यावर काय?

स्वाकोपमुंडला कपडे धुणं, किराणा, टायर तपासणं आणि विश्रांती. बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे तिथे धुकं आणि गारठा असतो. वॉल्व्हिस बेच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. केप क्रॉसला सील हजारोंनी पडलेले असतात. वास उग्र आहे, तरी जा.

वाळवंटातले हत्ती कुठे दिसतात?

ट्वायफेलफॉन्टेनच्या आसपासच्या दामारालँड या भागात, आबा-हुआबसारख्या कोरड्या नद्यांच्या पात्रांत. स्वतःची गाडी घेऊन पात्रात शिरू नका. स्थानिक वाटाड्याबरोबर जा. वाळूत रुतलेली गाडी आणि समोर पिलांसहित कळप, ही वेळ कोणावर येऊ नये. हा बराचसा भाग स्थानिक लोकांच्या संवर्धन मंडळांकडे आहे. १९९६ च्या कायद्याने वन्यजीवांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावर त्यांना हक्क मिळाला, आणि हत्ती-गेंडे जिवंत राहण्यात गावाचा फायदा दिसू लागला. त्यांच्याच तळावर राहिलात तर तुमचा पैसा योग्य हाती पडतो. ट्वायफेलफॉन्टेनची कातळचित्रंही याच भागात आहेत. ती २००७ पासून जागतिक वारसा आहेत आणि वाटाड्याबरोबरच पाहता येतात.

गेंडा दिसला तर फोटोतली जागेची नोंद बंद करा आणि तो कुठे दिसला हे कुठेही लिहू नका. शिकारी अशाच नोंदी शोधत असतात.

एटोशात स्वतः फिरून प्राणी दिसतात का?

दिसतात, आणि मला विचाराल तर हा या सहलीचा गाभा आहे. उद्यान सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरचं, त्यातलं जवळपास ४,८०० चौरस किलोमीटर म्हणजे मिठाचं कोरडं पांढरं मैदान. प्राणी त्याच्या दक्षिण काठच्या पाणवठ्यांवर येतात आणि रस्ते त्या पाणवठ्यांपाशीच नेतात.

भटकत राहू नका, थांबा. नेब्राउनी, रीटफॉन्टेन, सल्व्हाडोरा, गोआस, चुडोप अशा एखाद्या ठिकाणी इंजिन बंद करून तासभर बसा. आधी स्प्रिंगबॉक ही लहान हरणं आणि झेब्रे येतील, मग जिराफ पाय फाकवून वाकेल, आणि एकाएकी सगळे बाजूला झाले तर हत्ती येत असल्याचं समजा. सिंह बहुधा आधीपासूनच सावलीत असतो, तुमचं लक्ष गेलेलं नसतं.

नियम साधे आहेत. वेग ६०. तळ आणि कुंपण घातलेल्या जागा सोडून गाडीबाहेर पाय नाही, खिडकीतून अंग बाहेर नाही. फाटकं सूर्योदय ते सूर्यास्त. ओकाउकुएजो ते नामुटोनी या दोन तळांमधलं अंतर १४० किलोमीटरच्या आसपास आहे, पण पाणवठे करत गेलात तर अख्खा दिवस पुरतो. म्हणून दोन रात्री ओकाउकुएजोला आणि दोन हालाली किंवा नामुटोनीला. ओकाउकुएजोचा पाणवठा रात्री दिव्यांनी उजळलेला असतो आणि तिथे काळे गेंडे पाण्यावर येतात. जेवण उरकून पांघरूण घेऊन बाकावर बसा. मुलांना आधीच सांगून ठेवा की तिथे कुजबूजही दूरवर जाते.

कुनोला आलेले चित्ते इथलेच ना? दिसतील का?

हो, १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचेच. पण एटोशात चित्ता नशिबानेच दिसतो, कारण देशातले बहुतेक चित्ते खाजगी शेतजमिनींवर राहतात. ओट्जीवारोंगोजवळ चित्ता संवर्धन संस्थेचं केंद्र आहे, १९९० पासून काम करतंय. शेळ्यामेंढ्यांची राखण करणारे कुत्रे शेतकऱ्यांना देऊन त्यांनी चित्त्यांना गोळी घालण्याचं कारणच कमी केलं. परतीच्या वाटेवर तिथे अर्धा दिवस द्या.

शाकाहारी माणसाचं काय?

शेगडी बरोबर असेल तर काहीच अडत नाही. विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, बटाटे, कांदे, दही, पाव सगळं मिळतं. घरून भाजणी, मेतकूट, कोरडं उपम्याचं मिश्रण, शेंगदाण्याची चटणी आणि गोडा मसाला न्या, सगळं सीलबंद. लॉजवर बुकिंग करतानाच शाकाहारी असल्याचं कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्या पुढे येतात. मांस खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: गुरांच्या रोगांसाठी देशाच्या उत्तरेत एक तपासणी रेषा आहे, तिच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चं मांस नेता येत नाही.

एकंदरीत सुरक्षित आहे का?

रानात हो. शहरात गाडीकडे लक्ष ठेवा. सीटवर बॅग दिसू देऊ नका, किराणा आणायला गेलात तरी एकाने गाडीत बसा. पार्किंगमध्ये कोणी 'टायर बसलाय' सांगून खाली उतरवू पाहत असेल तर आधी दारं लॉक करा.

हिम्बा वस्तीत जावं का?

हिम्बा हे वायव्य नामिबियातले गुरं पाळणारे लोक. त्यांच्याकडे जायचं तर स्थानिक दुभाष्याबरोबर, आधी विचारून, आणि वेळ काढून. गाडी थांबवून रस्त्यावरून फोटो काढू नका. पैसे हातात देण्यापेक्षा वस्तीला उपयोगी पडेल असा शिधा काय न्यावा ते दुभाष्याला विचारा. इथे वसाहत असताना जर्मनांनी १९०४ ते १९०८ मध्ये हेरेरो आणि नामा या इथल्या लोकांचा संहार केला, पुढे दक्षिण आफ्रिकेने राज्य केलं, आणि देश स्वतंत्र झाला तो थेट २१ मार्च १९९० ला. हे माहीत असलेला पाहुणा जरा वेगळ्या नजरेने बोलतो.

पैसे, फोन, प्लग?

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत एकच, दोन्ही चालतात. उरलेले डॉलर निघण्याआधी संपवा, बाहेर कोणी घेत नाही. विमानतळावर एमटीसी या फोन कंपनीचं सिम घ्या, पण गावाबाहेर रेंज जाते, म्हणून नकाशे आधीच फोनमध्ये उतरवा आणि कागदी नकाशाही ठेवा. आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे. तिथे गोल पिनांचे मोठे सॉकेट असतात. आपल्या गीझरचा तीन पिनांचा मोठा प्लग असलेला एक्स्टेन्शन बोर्ड न्या, सगळ्यांचे चार्जर त्यावर लागतात.

बुकिंग किती आधी?

जुलै ते ऑक्टोबरसाठी दहा-बारा महिने आधी. आधी सेस्रीम आणि एटोशातल्या आतल्या जागा, मग गाडी, मग उरलेलं.

गाडी परत देताना?

शेवटची रात्र विंडहुकमध्येच काढा. विमानतळ शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर पूर्वेला आहे. आदल्या दिवशी गाडी धुऊन टाकी भरा. सकाळी चारही बाजूंचे, काचेचे, टायरचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा, घेतानाच्या फोटोंशेजारी ठेवून तपासणी करा आणि 'नुकसान नाही' असं सही घेऊनच निघा. अनामत रक्कम कार्डावर परत यायला काही दिवस लागतात. तोवर कराराचा कागद जपून ठेवा.